झुकोटी पार्कातले तंबू आणि आमच्यासारखे पैसेवाले

जर्सीकर: २०११ मधे मी न्यूयॉर्कला एका बँकेत होतो, बोनस धरून पगार भरपूर. १७ सप्टेंबरला ऑक्युपाय वॉल स्ट्रीट आंदोलनातली पोरं वॉल स्ट्रीटजवळच्या झुकोटी पार्कात येऊन बसली, "आम्ही ९९ टक्के" (म्हणजे वरचे एक टक्का श्रीमंत सोडून बाकी सगळे) म्हणत, आणि मी रोज तिथून जाताना म्हणायचो कामधंदा नाही यांना. आता ते आठवलं की खरंच वाईट वाटतं. २००८ च्या मंदीत बँका वाचवायला सरकारने ७०० अब्ज डॉलरची योजना आणली म्हणून आमच्या नोकऱ्या टिकल्या आणि ज्यांची घरं गेली त्यांना मी आळशी ठरवत होतो. तिथे आत कोणी गेलेलं का?

मीनाक्षी_के: मी गेलेले, शिकत होते तेव्हा. लाउडस्पीकरला परवानगी नव्हती, मग एकजण वाक्य बोलणार आणि आजूबाजूचे सगळे तेच जोरात परत म्हणणार, मागच्यांना ऐकू जावं म्हणून. लायब्ररी होती, फुकट जेवण होतं. पार्क खाजगी मालकीचं पण २४ तास खुलं ठेवायची अट, त्यामुळे दोन महिने टिकले, १५ नोव्हेंबरला पहाटे पोलिसांनी उठवलं.

सदू७७: पण दादा मागणी काय होती? एक धड नाही. नुसतं बसून टॅक्सचे कायदे बदलतात का?

जर्सीकर: नाही बदलत, मान्य. पण त्याच ऑगस्टमधे अब्जाधीश गुंतवणूकदार वॉरन बफेने स्वतः लिहिलेलं की त्याला १७.४ टक्के टॅक्स पडला आणि ऑफिसातल्या बाकी २० जणांना सरासरी ३६. मी ते वाचलं होतं हो, वाचून पान उलटलं होतं.