सांडव्यावर गोण्या रचून ६० सेमी पाणी वाढवलं तर? (माती धरण, उंची ११ मीटर)

ओढाकाठ

सह्याद्रीच्या पायथ्याला, गावापासून सव्वा किलोमीटर वर ओढ्यावर माती धरण आहे. पाणलोट ५ चौरस किमी, भरल्यावर पाण्याचा पसारा १८ हेक्टर, साठा ५ लाख घनमीटरच्या आसपास. सांडवा (जादा पाणी बाहेर जायची वाट) उजव्या काठाला डोंगर कापून काढलेला, बिनदारांचा, ३० मीटर लांब. सांडव्याच्या माथ्यापासून धरणाचा माथा अडीच मीटर वर.

मार्च-एप्रिलमध्ये टंचाई होते म्हणून जूनमध्येच सांडव्यावर वाळूच्या गोण्या रचून ६० सेमी पाणी जास्त अडवायचं, असा विषय ग्रामसभेपुढे आहे. बाजूने बोलणारे म्हणतात, अडीच मीटर मोकळे आहेत, त्यातले साठ सेंटीमीटर घेतले तर बिघडलं कुठे? शिवाय जास्त पाणी अडलं की ओढ्याचा पूरही कमी होईल. हे पटण्यासारखं आहे का? दुसरं, मोरीच्या (धरणाखालून पाणी सोडायच्या नळाच्या) खालच्या तोंडाशेजारी पायथ्याला जमीन ओली राहते. ओढ्यालगत चाळीसेक घरं आहेत.

पाणलोट_अभियंता

ते अडीच मीटर मोकळे नाहीत. पूर सांडव्यावरून जाताना पाणी जितकं चढतं ती उंची, आणि तिच्यावर लाटा व माथ्याच्या खचण्यासाठी ठेवलेली उंची, असे त्याचे दोन भाग असतात.

आकडे घालून बघा. जुन्या मुंबई इलाख्यात घाटातल्या पाणलोटांसाठी इंग्लिसचं सूत्र वापरत आले आहेत: १२४ × क्षेत्र ÷ √(क्षेत्र + १०.४). ५ चौ. किमीला शिखर येवा (पूर ऐन भरात असताना तलावात येणारं पाणी) निघतो सुमारे १५८ घनमीटर प्रति सेकंद. सांडव्याचा विसर्ग = १.७ × लांबी × (पाण्याची उंची)^१.५. ३० मीटर लांबीवर १ मीटर पाणी चढलं तर ५१ घनमीटर जातं, दीड मीटरला ९४. पूर्ण १५८ जायला सव्वादोन मीटरच्या जरा आत, म्हणजे २.१ मीटर उंची लागते. गोण्या नसताना वर ४० सेमी उरतात, तेच आधी कमी आहेत. गोण्यांचे ६० सेमी मिळवले की २.७ मीटर होतात. धरणाचा माथा २.५ वर आहे.

माथ्यावरून पाणी गेलेलं काँक्रीट किंवा दगडी धरण बऱ्याचदा तग धरतं. मातीचं धरत नाही. खालच्या उतारावर पाण्याला वेग येतो, ओघळ पडतात, ओघळ वर सरकत माथ्यापर्यंत येतो आणि तिथून पुढे भगदाड रुंद व्हायला वेळ लागत नाही. गुजरातमधल्या मोरबीच्या मच्छू-२ धरणावर ११ ऑगस्ट १९७९ रोजी सांडव्याच्या क्षमतेपेक्षा कितीतरी जास्त पूर आला आणि दोन्ही बाजूंची मातीची भिंत पाणी वरून गेल्याने वाहून गेली.

जलआलेख

वरचं गणित सुरक्षित बाजूचं आहे, पण तलावाचा पसारा त्यात धरलेला नाही. १८ हेक्टरचा तलाव सांडव्याच्या वर एक मीटर चढायला जवळजवळ २ लाख घनमीटर पाणी पितो, आणि ते पाणी त्या घडीला ओढ्यात जात नाही. बिनदारांच्या छोट्या धरणाचं पूर नियंत्रण म्हणजे एवढंच, पण ते खरं आहे. शिखर १५८ आणि पूर एकूण तीन तासांत चढून उतरणारा धरला (सुमारे साडेआठ लाख घनमीटर), तर तलाव आधीच काठोकाठ असूनही बाहेर पडणारं शिखर १०० च्या आसपास येतं, पाणी चढतं १.६ मीटर. पूर एक तृतीयांशाने कापला गेला.

आता गोण्या ठेवा. पहिल्या पावसात ते साठ सेंटीमीटर भरून जातात आणि जुलैच्या पुराला तलाव पुन्हा काठोकाठच मिळतो. म्हणजे पूर कापण्याची ताकद जवळपास तेवढीच राहिली, माथ्याखालची जागा मात्र कमी झाली: ०.६ + १.६ = २.२ मीटर. उरले ३० सेमी, तेही माथा सगळीकडे सारख्या पातळीत असेल तर. पाऊस तीन तासांऐवजी आठ-दहा तास त्याच जोराचा राहिला तर तलावाचा आधार संपतो, येवा तितकाच विसर्ग होतो आणि वरच्या प्रतिसादातले २.७ मीटर खरे ठरतात. घाटाखाली दिवसभर कोसळणारा पाऊस काही अपवाद नाही.

पूर कमी व्हायला हवा असेल तर उलटं करावं लागतं: जुलैत मोरी उघडी ठेवून पातळी सांडव्याच्या खाली मीटरभर राखायची आणि ऑगस्टच्या शेवटी भरायचं. मोरीतून सेकंदाला ३०० लिटर जात असतील तर तो एक मीटर उतरायला सात दिवस लागतात, वर येवा शून्य धरून. आदल्या दिवशीचा इशारा ऐकून मोरी उघडल्याने काही साधत नाही.

माती_चाचणी

गोण्यांबद्दल सगळे बोलले. मला मोरीजवळची ओल जास्त महत्त्वाची वाटते.

मातीचं धरण थोडं पाझरतंच. प्रश्न असतो पाणी कुठून येतं, किती येतं आणि सोबत माती आणतं का. रॉक टोमधून (खालच्या पायथ्याशी रचलेल्या दगडांमधून) स्वच्छ पाणी येत असेल तर गाळणी काम करते आहे. मोरीच्या कडेने ओल ही वेगळी गोष्ट. पाइप किंवा दगडी मोरीच्या भोवती धुम्मस (माती ठोकून घट्ट करणं) नीट बसत नाही, तिथे माती सैल राहते आणि पाणी बांधकामाला चिकटून वाट काढतं. वाटेतली माती एक-एक कण निघत जाते, पोकळी खालून वर जलाशयाच्या दिशेने वाढते. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं त्याचं मूळही अपूर्ण राहिलेल्या विमोचकाच्या (पाणी सोडायच्या मोरीच्या) जागी होतं. त्याच्यावरचा भराव खचला, माथा खाली आला आणि पाणी वरून गेलं.

करायचं काय? ओलीच्या खाली छोटी चारी काढून पाणी एका जागी आणा आणि ९० अंशांची व्ही-खाच कापलेला पत्रा बसवा. खाचेत ५ सेमी पाणी म्हणजे सेकंदाला पाऊण लिटर, १० सेमी म्हणजे साधारण ४.४ लिटर. वहीत तारीख, तलावाची पातळी, खाचेतली उंची आणि त्या दिवशीचा पाऊस लिहा. तलावाची पातळी तीच आणि पाझर वाढला तर ती धोक्याची खूण. पाणी काचेच्या बाटलीत भरून तासभर ठेवा, तळाला गाळ बसला तर धरण झिजतंय.

पाणी गढूळ येऊ लागलं तर त्या तोंडावर चिकणमाती दाबायची नाही. ही चूक सर्रास होते. तोंड बुजलं की पाणी आत दाब धरतं आणि शेजारून फुटतं. पाणी जाऊ द्यायचं, माती अडवायची: आधी जाड वाळूचा थर, त्यावर बारीक खडी, त्यावर मोठी खडी, प्रत्येक थर वीतभर तरी. वाळू वाहून जाण्याइतका जोर असेल तर भोवती गोण्यांचं कडं करून आत पाणी चढू द्या, जोर कमी होतो, मग थर टाका. त्याच वेळी मोरी पूर्ण उघडायची आणि खालची घरं रिकामी करायची, कारण हा उपाय तात्पुरता आहे.

ओढाकाठ

ओल आहे, धार नाही. आणखी दोन गोष्टी: खालच्या उतारावर बाभळी वाढल्यात, आणि घुशींची व खेकड्यांची बिळं आहेत. माथ्यावरून ट्रॅक्टर जातात, मधला भाग दबल्यासारखा दिसतो.

पाणलोट_अभियंता

दबलेला भाग आधी मोजा. पाण्याने भरलेली पारदर्शक नळी घेऊन दर १० मीटरला माथ्याची पातळी, सांडव्याच्या माथ्याच्या तुलनेत. मध्ये ३० सेमी खड्डा निघाला तर तुमचे अडीच मीटर प्रत्यक्षात २.२ आहेत आणि पूर तिथूनच उलटणार. भर घालताना वरची माती खरवडून, ओलसर मातीचे १५ सेमी थर, प्रत्येक थर धुम्मस करून. कोरडी माती ओतून ट्रॅक्टर फिरवणं म्हणजे भर नाही.

बिळं उकरून शेवटापर्यंत उघडा आणि त्याच पद्धतीने भरा, नुसतं तोंड लिंपू नका. मनगटाएवढ्या बाभळी मुळासकट काढा. मोठं झाड पावसाळ्याच्या तोंडावर उपटू नका, मोठा खड्डा पडतो. ते पावसाळ्यानंतर, खड्डा नीट भरून.

खेकड्यांचं म्हणाल तर चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण २ जुलै २०१९ च्या रात्री फुटलं तेव्हा खेकड्यांवर बोट दाखवलं गेलं होतं. गळतीच्या तक्रारी मात्र लोकांनी आधी केल्या होत्या. बीळ धोक्याचं असतं ते कोणी बघायला जात नाही म्हणून.

जलआलेख

कागदाचं. धरण सुरक्षा अधिनियम २०२१ मध्ये १५ मीटरपेक्षा उंच धरणं येतात. १० ते १५ मीटरमधली येतात ती माथ्याची लांबी ५०० मीटर किंवा साठा १० लाख घनमीटर अशा अटींपैकी एखादी लागू असेल तर. तुमचं ११ मीटर आणि ५ लाख, त्यामुळे बहुधा बाहेर राहतं. म्हणून पावसाळ्याआधीची आणि नंतरची तपासणी आपोआप होईल असं धरू नका. धरण ज्यांच्या ताब्यात असेल त्या जिल्हा परिषदेच्या किंवा मृद व जलसंधारण खात्याच्या कार्यालयाला पाझराची वही जोडून लेखी पत्र द्या, प्रत तहसीलदारांना. सांडव्यात एक गोणीही त्यांच्या लेखी परवानगीशिवाय नको.

घरांचं गणित ग्रामसभेत मांडा. भरलेलं धरण फुटलं तर शिखर अंदाजे ६०० घनमीटर प्रति सेकंद, म्हणजे धरण नसतानाच्या मोठ्या पुराच्या चौपट. सेकंदाला ३ मीटर वेगाने सव्वा किलोमीटर कापायला सात मिनिटं. भोंगा, उंचावरची जागा आणि रात्री धरणावर राहणारी दोन माणसं जूनच्या आधी ठरलेली हवीत.

माती_चाचणी

पाणी वाढवायचंच आहे तर गाळ काढा. १८ हेक्टरवर ६० सेमी म्हणजे १ लाख ८ हजार घनमीटर. तीन घनमीटरच्या ट्रॉलीने ३६,००० फेऱ्या, तेव्हा एका उन्हाळ्यात होणार नाही, तीन-चार वर्षांचं काम धरा. 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजनेत बसतं का ते विचारा. धरणाच्या आतल्या पायथ्यापासून निदान ३०-४० मीटर सोडून खोदा आणि मूळ जमिनीच्या खाली जाऊ नका. मुरूम उघडा पडला तर तलाव तळातून गळायला लागेल आणि ते पाणी धरणाच्या पायाखालूनही वाट शोधेल.