अनुभव धागा: कथा मध्येच अडली तेव्हा काय केलंत?

निळी शाई:
जूनच्या पहिल्या आठवड्यात एका दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन आला. कथा हवी, साडेतीन हजार शब्द, जुलैअखेर. मी लगेच हो म्हटलं, कारण कथा डोक्यात तयार होती: एसटीतून निवृत्त झालेला कंडक्टर आणि त्याचा निवृत्तीनंतरचा पहिला सोमवार. चार दिवसांत अकरा पानं झाली. मग थांबली ती थांबलीच. रोज पहाटे वही उघडायची, ‘तो गॅलरीत येऊन उभा राहिला’ या वाक्यापर्यंत यायचं आणि तिथून पुढे एक शब्द नाही. असे पाच आठवडे गेले.

शेवटी ओळखीतल्या एका निवृत्त कंडक्टरकाकांकडे गेले. कथेबद्दल काही बोलले नाही, नुसती ऐकत बसले. काका म्हणाले, “पेटी जमा केली, पंच जमा केला, पण हाताला कसं समजवायचं?” बोलताना त्यांचा उजवा अंगठा आपोआप दाबला जात होता. पुढे म्हणाले, “लग्नात पंगत बसली की मी अजून माणसं मोजतो. वेबिल जुळलं पाहिजे ना.” वेबिल म्हणजे कंडक्टरचा तिकिटांच्या हिशोबाचा कागद. हे मला घरी बसून कधीच सुचलं नसतं. त्या रात्री बारावं पान झालं, तेरावं झालं, आणि कथा परत अडली.

कथा लिहिताना तुमचंही असं झालं असेल. नेमकं कुठे अडलं, काय करून पाहिलं, कशाने सुटलं, हे सविस्तर लिहा. न सुटलेल्याबद्दलही लिहा.

पऱ्हाटी:
ताई, माझी कथा अडली होती भाषेपाशी, पण हे कळायला वर्ष गेलं. आजीवर लिहीत होते. कापूस वेचून हात सोलवटलेली, नवरा गेल्यावर एकटीने वावर सांभाळलेली बाई. मी तिच्या तोंडी लिहिलं होतं, “आता मी कुणासाठी थांबू?” वाक्यात चूक नव्हती, पण त्यापुढे आजी बोलेचना.

एकदा गावाला गेले असताना चुलत आजी अंगणात कुणाला तरी म्हणाली, “काऊन थांबू बापा आता, कोनासाठी?” मी तिथल्या तिथे फोनमध्ये लिहून घेतलं. माझी आजी आयुष्यात कधी प्रमाण मराठी बोलली नव्हती, आणि मी तिला शाळेच्या पुस्तकासारखं बोलायला लावत होते. तिचे सगळे संवाद वऱ्हाडीत नव्याने लिहिले. निवेदन प्रमाण मराठीत ठेवायचं का, यावर आणखी महिनाभर घोळ घातला. ठेवलं. कथा तीन आठवड्यांत पूर्ण झाली.

वसई फास्ट:
माझी अडचण वेळेची. घरी दोन लहान मुलं, नोकरी चर्चगेटला. लिहायला मिळतो तो तासाभराचा प्रवास, तोही रोज बसायला मिळेलच असं नाही. अँथनी ट्रॉलप हा इंग्रज कादंबरीकार पोस्टाची नोकरी सांभाळून पहाटे घड्याळ समोर ठेवून लिहायचा, दर पाव तासाला २५० शब्द. मीही तसा नेम धरला. दहा दिवसांत लिहिण्याची धास्ती बसली. शब्द मोजायचे आणि खोडायचे, एवढंच चाललं होतं.

कामाला आली ती अमेरिकन लेखक हेमिंग्वेची सवय: पुढे काय होणार हे माहीत असतानाच त्या दिवसाचं लिहिणं थांबवायचं. मी ती आणखी ताणली आणि वाक्य अर्ध्यात सोडायला लागलो. मरीन लाइन्स गेलं की फोन बंद, मग वाक्य कुठेही असो. ‘तिने डबा उघडला आणि’ एवढंच लिहून दिवसभर ऑफिसात बसायचं. संध्याकाळी गाडीत शिरताना पुढचे शब्द तोंडात तयार असायचे. उभं राहावं लागलं तर फोनला बोलून लिहितो. मराठीत बोलून टंकायची सोय २०१७ साली आली, ती माझ्यासारख्यांना फार मोठी झाली. गर्दीत हळू बोलावं लागतं, शब्द चुकतात, पण सूर सुटत नाही.

समास:
वरचं सगळं वाचलं. माझं वेगळं आहे, लिहू की नको असं होत होतं.

माझे पहिले वाचक बाबा. कच्चा खर्डा त्यांना द्यायचा, ते शिसपेन घेऊन बसायचे. तोंडाने काही बोलायचे नाहीत. जिथे कंटाळा आला तिथे समासात एक बारीक टिंब द्यायचे. बाबा गेले आणि १४ महिने मला एक परिच्छेद लिहिता आला नाही. लोकांनी सांगितलं, याला रायटर्स ब्लॉक म्हणतात. मी शोधलं. हा शब्द एडमंड बर्गलर या मनोविश्लेषकाने १९४७च्या सुमारास वापरात आणला. नाव मिळालं, पण माझ्यासाठी ते नाव अपुरं होतं. मला झोप नव्हती, भूक नव्हती. नुसतं लिहिणंच बंद पडलं असतं तर गोष्ट वेगळी. मी समुपदेशकांकडे गेले, सहा महिने जात राहिले, आणि ज्यांची अशी अवस्था आहे त्यांना कळकळीने सांगते, युक्त्या करत बसू नका, आधी कुणाशी तरी बोला.

लिहिणं परत आलं ते कपाट आवरताना. एक जुना खर्डा सापडला. २२ पानं, समासात नऊ टिंबं. सहाव्या पानावर एकाखाली एक तीन. तेव्हा मी रागावून ती कथा ठेवून दिली होती. जमिनीवर बसूनच ते सहावं पान वाचलं. नायिका तिथे भावाशी भांडते, आणि भांडण खोटं होतं. ती भांडली असती तर आईसमोर, एकांतात नाही. पेन शोधायला उठले. टिंबामागून टिंब घेत गेले, अडीच महिन्यांत कथा नव्याने झाली. तो खर्डा जपून ठेवला आहे. नवी कथा अजून कुणाला वाचायला दिलेली नाही.

ओसरी:
मी फ्रँकफर्टजवळ राहते, घरात मराठी बोलणारं दुसरं कुणी नाही. माझी कथा एका शब्दापाशी अडली. रात्री म्हातारी घराचं दार लावते, आतून ते जाड लाकूड सरकवते, त्याला काय म्हणतात? कडी नाही, खिटी नाही. चार दिवस आठवेना आणि त्यावाचून पुढचं लिहवेना. शेवटी गुहागरला मावशीला फोन केला. “अगो, अडसर!” म्हणाली, आणि मग अर्धा तास बोलत राहिली. भिंतीत ज्या भोकात तो सरकायचा, त्यात मुलं चिंचोके टाकायची. मग रात्री अडसर आत जाईना, आजी कंदील घेऊन एकेक चिंचोका काडीने बाहेर काढत बसायची. एका शब्दासाठी फोन केला होता, कथेचा शेवट मिळाला.

मुद्रितशोधक:
मी पंधरा वर्षं दिवाळी अंकाच्या संपादनात आहे. ‘मनोरंजन’ मासिकाचा पहिला दिवाळी अंक निघाला १९०९ साली, म्हणजे तारखेला बांधून कथा लिहायची आपली सवय शंभराहून जास्त वर्षांची. दर जुलैत लेखकांचे फोन येतात, शेवट सुचत नाही म्हणून. मी खर्डा मागवून घेतो. अनुभव असा, की शेवट सुचत नसेल तर खोट बहुतेक वेळा बरीच मागे असते. लेखकाने पात्राला न पटणारं काहीतरी करायला लावलेलं असतं आणि पात्र तिथेच थांबून राहतं. ‘समास’ यांच्या वडिलांनी शिसपेनने नेमकं तेच दाखवलं.

निळी शाईताई, एक विचारतो. तुमचा कंडक्टर गॅलरीत का आला? अंगठा न थांबणारा, पंगतीत माणसं मोजणारा माणूस पहिल्या सोमवारी घरात थांबेल का?

निळी शाई:
सर, तुमचा प्रश्न वाचला आणि रात्रभर तोच डोक्यात होता.

तो घरात थांबणार नाही. गॅलरी माझी होती. मला वाईट वाटलं की मी गॅलरीत जाऊन उभी राहते, म्हणून त्यालाही नेऊन उभं केलं. सातव्या पानापासून पुढचं सगळं काढून टाकलं, बारावं-तेरावंही. आता तो सकाळी सव्वापाचला उठतो, बायको झोपलेली असताना खाकी शर्ट शोधतो, सापडत नाही म्हणून पांढरा घालतो आणि स्टँडवर जातो. तिकीट काढून आपल्याच गाडीत बसतो. कंडक्टर नवीन पोरगा, हातात मशीन. गाडी भरते, आणि हा मागच्या सीटवरून माणसं मोजायला लागतो.

काल रात्री इथवर आले. गाडी अजून स्टँडवरच आहे, पोरगा दोरीला हात घालतोय, आणि याच्या मोजणीत एक माणूस जास्त आहे. वसई फास्ट, तुमचं ऐकून वाक्य अर्ध्यातच सोडलंय. संपादकांकडून दहा दिवस वाढवून मिळालेत. आता लिहायला बसते.