राणी गेली, वारली की मेली? (अनुभव धागा)

८ सप्टेंबर २०२२, गुरुवार. दुसऱ्या दिवशी अनंत चतुर्दशी. लालबागच्या आमच्या गल्लीत त्या रात्री अकराला जेवढी माणसं होती तेवढी एरवी सकाळी अकरालाही नसतात. खाली ढोल, वर घरात टीव्ही. टीव्हीवर आधी कोहली, मग एकदम ती पट्टी, ब्रिटनच्या राणी एलिझाबेथची.

आमचे बाबा गिरणी कामगार, लाल बावट्यातले. ब्याऐंशीच्या संपात घरातली भांडी विकली, पण कुणाला साहेब म्हटलं नाही. आमच्या घरात 'राजा' हा शब्द फक्त पत्त्यांतल्या राजाला चालतो. मंडपातल्यालाही बाबा नुसतं 'गणपती' म्हणतात, आणि हे लालबागमध्ये राहून, म्हणजे बघा.

तर पट्टी वाचून बाबा आईला म्हणाले, "गेली का गं बिचारी?"

आणि स्वतःच चपापले. "बिचारी कसली! चांगली शहाण्णव वर्षं..." वगैरे सुरू झालं. आई म्हणाली, "अहो, मंगळवारी तर त्या नव्या पंतप्रधान बाईशी हात मिळवताना दाखवली. हात केवढा काळानिळा पडला होता." बाबा थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "म्हणजे कामावर असतानाच गेली. सत्तर वर्षं एका खात्यात. ग्रॅच्युइटी किती झाली असती?"

मला तो 'बिचारी' अजून सुटलेला नाही. म्हणून हा धागा. ज्यांना राजा-राणी हा प्रकारच मान्य नाही त्यांनी लिहा: बातमी कळली तेव्हा तोंडातून पहिला शब्द कोणता निघाला? वाद नको, अनुभव हवेत. (वाद होणारच, माहीत आहे.)

कांदिवलीहून

शब्द वगैरे काही नाही. कोहलीचं एकाहत्तरावं शतक, तेही नोव्हेंबर २०१९ नंतरचं पहिलं. ६१ चेंडूंत नाबाद १२२. त्या रात्री दुसरं कुणी जन्मलं काय, गेलं काय.

दादर, रात्रपाळीचा उपसंपादक (आता निवृत्त)

आमचा पहिला शब्द काय होता ते छापता येणार नाही, कारण पान लागलं होतं.

त्या दिवसाचं पहिलं पान आठवा. विसर्जनाचा बंदोबस्त आणि बंद रस्ते. कोहली. दिल्लीत संध्याकाळी राजपथाचा कर्तव्यपथ झाला, इंडिया गेटजवळच्या छत्रीत नेताजींचा पुतळा बसला. या छत्रीत १९६८ पर्यंत पंचम जॉर्जचा पुतळा होता, म्हणजे एलिझाबेथच्या आजोबांचा. आणि राजपथ म्हणजे मूळचा किंग्जवे, तोही त्यांच्याच नावाचा. आजोबांच्या जागेवर संध्याकाळी नेताजी आले आणि रात्री अकराला नात गेली. कथेत घातलं असतं तर मीच काट मारली असती, 'फार जुळवलेलं' म्हणून.

पाच वाजताच 'डॉक्टरांना चिंता' अशी बातमी आली होती, त्यामुळे मजकूर तयार होता. अडलं ते मथळ्यात. आमच्याकडे मंत्र्याचे 'निधन', महाराजांचे 'महानिर्वाण', नटाची 'एक्झिट', गुंडाचा 'खात्मा', आणि भिंत पडून पाचजण 'ठार'. मी कॉलेजपासून समाजवादी, राष्ट्र सेवा दलातला. मी लिहिलं, 'राणी एलिझाबेथ यांचे निधन'. मुख्य उपसंपादकांनी 'महाराणी' केलं. मी म्हटलं, कुणाची महाराणी? आपण १९५० ला प्रजासत्ताक झालो, ही गादीवर आली १९५२ ला. आपल्यावर एक दिवसही राज्य नाही केलं तिने. ते म्हणाले, "मग 'यांचे' तरी कशाला लिहिलंस? 'हिचे' लिही."

आणि मला 'हिचे' लिहिता येईना. हात चालेना. शहाण्णव वर्षांच्या बाईला एकेरी? त्या दिवशी कळलं की माझा राजेशाहीविरोध मराठी व्याकरणाच्या अलीकडेच थांबतो. शेवटी 'महाराणी' गेलं, 'यांचे'सकट, आणि कोहली खाली सरकला.

वरळी, बीडीडी चाळ

मी म्हटलं, "राणी गेली." साधं. ना हळहळ, ना टाळ्या.

वर 'आपल्यावर राज्य' हा शब्द आला म्हणून लिहितो. शाळेत शिकलो इंग्रज वाईट. घरात गोष्ट एवढी सरळ नव्हती. पणजोबा पलटणीत. आधी भरती होती, मग एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी महारांची भरती इंग्रजांनीच बंद केली. पहिल्या महायुद्धात गरज पडली, उघडली. युद्ध संपलं, परत बंद. दुसरं महायुद्ध, मग १९४१ मध्ये महार रेजिमेंट. लागलं की बोलवायचं, झालं की दार लावायचं. त्यामुळे राणीबद्दल प्रेम असण्याचं कारण नाही. पण "गोरे गेले, बरं झालं" हेही आज्याच्या तोंडून कधी एका दमात निघालं नाही. 'बरं' आणि 'झालं'च्या मध्ये तो नेहमी थांबायचा.

आमचा विरोध लंडनपासून सुरूच होत नाही. जन्माने राणी होता येत असेल तर जन्माने दुसरंही काहीतरी व्हावं लागतं, ते काय ते आम्हाला सांगायची गरज नाही. घटनेच्या अठराव्या कलमाने किताब गेले. मला ते कलम सतराव्याच्या शेजारी आहे याचं फार समाधान वाटतं. (सतरावं कोणतं ते बघून घ्या.)

बाकी ११ सप्टेंबरला सरकारी दुखवटा होता, झेंडे अर्ध्यावर. तो अर्ध्यावरचा झेंडा बघून मात्र पोटात कालवलं. राग म्हणायचा तर तोच.

ठाण्याहून

एवढा गोड गोड धागा बघून राहवत नाही. माझ्या तोंडातून 'मेली' निघालं आणि मला अजिबात वाईट वाटलेलं नाही. १४ ऑक्टोबर १९९७ ला जालियनवाला बागेत गेली, चपला काढल्या, पुष्पचक्र वाहिलं, थोडा वेळ उभी राहिली. माफी? नाही. एक वाक्य मागितलं होतं लोकांनी. कोहिनूर तर सोडाच.

वरच्यांना, दादरहून

१९१९ मध्ये ती जन्मलीही नव्हती हो.

ठाण्याहून

मुकुट वारशाने चालतो, मग हिशेब का नाही चालत?

(लालबाग: या वाक्यावर बाबांनी मोबाईल हातात घेऊन परत वाचलं. एवढंच सांगतो.)

वांद्रे, गावठाण

आम्ही ईस्ट इंडियन ख्रिस्ती. बऱ्याच जणांना माहीत नसतं, आम्ही इथलेच, मूळचे कोळी, कुणबी, आगरी वगैरे. हे नाव आमच्या लोकांनी घेतलं ते १८८७ मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या सुवर्णमहोत्सवाच्या वर्षी. म्हणजे माझ्या जमातीचं नावच एका राणीला केलेला सलाम. आता करा विरोध!

मी केला, तो नैरोबीत. तिथे चार वर्षं हिशेबनीस होते. एलिझाबेथ राणी झाली तेव्हा केनियातच होती, झाडावरच्या हॉटेलात, ही गोष्ट टुरिस्टांना कौतुकाने सांगतात. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तिथे आणीबाणी लागली आणि इंग्रजांविरुद्ध उठलेल्या माऊ माऊंना पकडून छावण्यांत घातलं. माझ्या शेजारच्या टेबलावरच्या बाईची आजी त्या छावणीतली. २०१३ मध्ये ब्रिटिश सरकारने ५,२२८ जणांना भरपाई कबूल केली, सगळी मिळून सुमारे दोन कोटी पौंड. आजी त्याआधीच गेलेली. ती बाई हे सांगताना कॅल्क्युलेटरवर भागाकार करून दाखवायची: माणशी चार हजारच्या खाली.

आणि तरी. मम्मीकडे १९५३ च्या राज्याभिषेकाचा बिस्किटांचा डबा आहे. मामा बोटीवर होते, त्यांनी आणलेला. बिस्किटं मी जन्मायच्या आधीच संपली, तेव्हापासून त्यात सुया, बटणं, हुक आणि एक अंगठीसारखं टोपण. झाकण उघडताना अंगठा नेमका राणीच्या तोंडावर पडतो, त्यामुळे मुकुट आणि गळ्यातला हार शिल्लक आहे, तोंड पार पुसून गेलंय, नुसता पत्रा. त्या रात्री मम्मीने तो डबा काढला आणि फडक्याने पुसून परत ठेवला. मी काही बोलले नाही. माझ्या युनिफॉर्मची सगळी बटणं त्या डब्यातून आलीत.

डोंबिवली (तेव्हा लंडन)

मी त्या रांगेत होतो. हो, ती रांग, राणीच्या अंत्यदर्शनाची. हसा.

घरमालक आजोबा जाणार होते, त्यांना गुडघ्याचा त्रास, म्हणून सोबत. शिवाय आपण नवसाच्या रांगेत उभे राहिलेली माणसं, थेम्सच्या काठाची पाच मैलांची रांग म्हणजे काय विशेष? मनगटाला पट्टा बांधतात, त्यावर नंबर, म्हणजे मध्ये मुतायला जाऊन परत येता येतं. ही सोय लालबागला हवी. ढकलाढकली नाही, जयजयकार नाही. तेरा तासांत कुणी कुणाच्या पायावर पाय दिला नाही, आणि मला खरं सांगायचं तर तेच जरा भीतिदायक वाटलं. शेवटी तपासणीच्या आधी खाऊ काढून ठेवावा लागतो. मी अख्खा पुडा चकल्यांचा ठेवला. बायकोने दिवाळीआधीच केलेल्या.

आमच्या ऑफिसात एक इंग्रज सहकारी, पक्का प्रजासत्ताकवाला. तो रांगेत आला नाही. पण त्याच आठवड्यात ऑक्सफर्डला राजाच्या घोषणेच्या वेळी 'याला निवडलं कुणी?' एवढं म्हणणाऱ्या माणसाला पोलिसांनी पकडलं, तेव्हा हा संतापला, आणि संतापता संतापता रडायला लागला. म्हणाला, माझी आजी गेल्या वर्षी कोविडमध्ये गेली, दफनाला मोजकी माणसं. टीव्हीवर शवपेटी दिसली की मला तिचीच दिसते, आणि वर हे लोक मला गप्प बसायला सांगतात. त्याला रडण्याची लाज वाटत होती की रागाची, मला कळलं नाही. चहा दिला.

आत गेल्यावर मी काय केलं? पेटीवरच्या मुकुटात कोहिनूर शोधला. नव्हता. तो दुसऱ्या मुकुटात असतो, राणीच्या आईच्या, हे मला नंतर कळलं. शोधण्यातच माझे चार सेकंद गेले. पुढचे आजोबा वाकले, मागची बाई वाकली. माझा हात छातीपर्यंत आला, नमस्काराला, आणि मी तो तिथून चष्म्याकडे नेला.

परळ, इतिहासाचे शिक्षक

त्या हाताबद्दल. आपल्या मराठी माणसाचा हा घोळ जुना आहे. चापेकरांनी मुंबईत व्हिक्टोरियाच्या पुतळ्याला डांबर फासलं. पुढे रँडवर गोळी झाडली ती २२ जून १८९७ ला, राणीच्या राज्याला साठ वर्षं झाल्याच्या समारंभाच्या रात्री. आणि हेच चापेकर शिवछत्रपतींचे भक्त. म्हणजे आपला विरोध 'राजा नको' असा क्वचितच असतो, 'हा राजा नको' असा असतो. वर्गात मी हे बोललो तेव्हा एका मुलाने विचारलं, "सर, मग तुम्ही महाराजांना 'ते' का म्हणता आणि एलिझाबेथला 'ती'?" मी म्हटलं, महाराजांनी राज्य उभं केलं, हिला आयतं मिळालं. तो म्हणाला, "मग नंतरच्या छत्रपतींचं काय?" तास संपला. देवाची कृपा.

अजून एक. चार्ल्सचा राज्याभिषेक झाला ६ मे २०२३ ला. ६ मे हा शाहू महाराजांचा स्मृतिदिन. ते गेले १९२२ मध्ये, आपल्या इथे गिरगावात, खेतवाडीत. त्या दिवशी मी टीव्ही लावला नाही. तत्त्व म्हणून नाही, वर्गाच्या ग्रुपवर शाहू महाराजांबद्दल लिहीत बसलो होतो. 'राजर्षी' लिहिलं, आणि खोडावंसं वाटलं नाही.

चर्चगेटहून, घाईत

आमचे सासरे डबेवाले. चार्ल्स २००३ मध्ये स्टेशनबाहेर भेटून गेला, २००५ च्या लग्नाला दोघांना बोलावलं. त्यामुळे आमच्यात 'राणी' नाही, 'त्याची आई' गेली. बाकी तत्त्वाचं मला विचारू नका, ९:४० ची चुकेल.

गिरगाव, वय ७५ च्या पुढे (नातवाकडून टाइप करून घेतलं आहे)

माझे वडील बेचाळीसला येरवड्यात होते. १९६१ मध्ये राणी मुंबईला आली तेव्हा मी तेरा वर्षांची. शाळेतून मुलींना रस्त्याच्या कडेला कागदी झेंडे देऊन उभं करणार होते. वडिलांनी चिठ्ठी लिहून दिली: 'मुलीस पोटदुखी असल्याकारणाने येता येणार नाही.' ती चिठ्ठी मी बाईंना दिलीच नाही. घडी करून कंपासपेटीत ठेवली आणि उभी राहिले. दोन तास उन्हात. दिसला काय तर गाडीतून हलणारा एक पांढरा हातमोजा. घरी येऊन खोटं बोलले. वडील १९८९ मध्ये गेले, त्यांना शेवटपर्यंत सांगितलं नाही.

त्या रात्री बातमी आली तेव्हा मी म्हटलं, "अगं बाई!" आणि मला पहिली आठवली ती चिठ्ठी.

आमच्याकडे लक्ष्मीपूजनाला सात राणीछाप रुपये आहेत, आजेसासूबाईंपासूनचे. एकेक बरोबर तोळ्याचा. लग्नानंतर पहिल्याच दिवाळीत वडील आले होते, त्यांनी ताट पाहिलं आणि जावयाला सांगितलं, चांदीला माझी ना नाही, पण त्या बाईचं तोंड खाली करा. तेव्हापासून आमच्याकडे छापा खाली, काटा वर. हळदकुंकू काट्यालाच.

त्या वर्षी दिवाळी ऑक्टोबरमध्ये होती. ताट सुनेने मांडलं. तिला हा नियम कुणी सांगितलाच नव्हता. बघते तर साती राण्या वर, नाकावर कुंकू. नातू म्हणाला, "आजी, हीच गेली ना?" मी म्हटलं, नाही रे, ही तिची खापरपणजी. ही केव्हाच गेली.

एकेक करून सहा उलटे केले. सातव्यावर तिने समई ठेवली होती.