मदत हवी आहे : काँक्रीट खराब झालेल्या इमारतीतील घर घ्यावे का, आणि त्यावर कर्ज मिळेल का?

नमस्कार. मुलुंड पूर्वेला एका जुन्या सोसायटीत पुनर्विक्रीचा फ्लॅट पाहिला आहे. इमारत तीस वर्षांहून जुनी असल्याने महापालिका अधिनियमाच्या कलम 353 ब नुसार तिचे स्ट्रक्चरल ऑडिट झाले असून, ती सी-2 बी, म्हणजे रिकामी न करता दुरुस्त करण्याजोगी, अशी नोंदवलेली आहे. मात्र न्हाणीघराच्या छताचे प्लॅस्टर सुटून सळई उघडी पडली आहे. बोटाने खरवडली तरी गंजाचे पापुद्रे हातात येतात, आणि विक्रेते त्याला ‘किरकोळ गळती’ म्हणतात!

खाडीची वाळू न धुता वापरली असेल, तर तिच्यातील क्लोराइडमुळे सळई आतून गंजते, गंज फुगून काँक्रीट फोडतो, आणि वरून पॉलिमर मॉर्टर (दुरुस्तीचा पॉलिमरमिश्रित गिलावा) थापल्याने तो थांबत नाही. ऑडिटमध्ये काँक्रीटची मजबुती आणि एकसंधता तपासणाऱ्या रिबाउंड हॅमर व अल्ट्रासॉनिक चाचण्यांचे आकडे आहेत, पण हाफ-सेल पोटेन्शियल (सळई गंजत असल्याची शक्यता दाखवणारे विद्युत मोजमाप) किंवा क्लोराइडचे प्रमाण कुठेही दिलेले नाही. या दोन चाचण्या खरेदीदार स्वखर्चाने मागू शकतो का, की त्यासाठी सोसायटीचा ठराव लागतो?

बँकेचे मूल्यांकनकार इमारतीचे उर्वरित आयुष्य पाहून कर्जाची मुदत ठरवतात, असे कळले. सी-2 बी इमारतीत कोणाला वीस वर्षांचे कर्ज मिळाले आहे का? शिवाय मोठ्या दुरुस्तीची वर्गणी विक्रेत्याने भरावी, ही अट करारनाम्यात नेमकी कशी लिहावी? रेरा कायद्यातील पाच वर्षांची दोषदायित्वाची (नव्या बांधकामातील दोष बिल्डरने दुरुस्त करून देण्याची) तरतूद इथे उपयोगाची नाही, हे कृपया गृहीत धरावे. टोकन अजून दिलेले नाही.