अध्यक्षांच्या गालावर गुलाबी ठिपका : कलर लेझर प्रिंटरचं नेमकं काय बिघडलंय?

पतसंस्थेची_लेखनिक

नमस्कार. चिपळूणला एका छोट्या पतसंस्थेत काम करते. वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते, त्यामुळे अहवाल आत्ताच छापायला हवा. यंदा प्रेसला न देता ऑफिसच्या कलर लेझरवरच ३०० प्रती काढायच्या असं संचालकांनी ठरवलं, आणि ते माझ्या गळ्यात पडलं.

तक्रारी दोन. पानावर मोहरीएवढे गुलाबी ठिपके येतात, एकाखाली एक, कोऱ्या जागेतसुद्धा. त्यातला एक नेमका अध्यक्षांच्या फोटोत गालावर. दुसरी म्हणजे मुखपृष्ठावरची निळी पट्टी ओल आलेल्या भिंतीसारखी दिसते, कुठे गडद, कुठे फिकी. टोनर चारही निम्म्याच्या वर आहेत. सर्व्हिसवाल्याने फोनवरच सांगून टाकलं, फ्युजर (टोनर तापवून कागदावर चिकटवणारा भाग) गेला, साडेनऊ हजार. घालू का?

गणपती_स्पेशल

टोनर बदलून बघा. आमच्याकडे रिफिल केलेला होता, तेव्हा असंच व्हायचं.

पाना_पक्कड

ताई, एक रुपयाही काढू नका. टोनरही नको आणि फ्युजरही नको. कोल्हापुरात वीस वर्षं हीच मशीनं उघडतोय. फोनवर फ्युजर गेला म्हणणं म्हणजे नाडी न बघता ऑपरेशन सांगणं.

आधी शाळेतली पट्टी घ्या आणि दोन ठिपक्यांमधलं अंतर मोजा, मिलिमीटरमध्ये. आत जे काही फिरतं ते गोल असतं. त्याच्यावर एका जागी खोट असली की प्रत्येक फेऱ्याला ती कागदावर उमटते. म्हणजे अंतर भागिले ३.१४ केलं की खोट असलेल्या रोलरचा व्यास मिळतो. ३० मिमीचा ड्रम (ज्यावर टोनरचं चित्र तयार होतं तो रोलर) असेल तर ९४, २४ मिमीचा असेल तर ७५ च्या आसपास. तुमच्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये याचा तक्ताच असतो.

मग चारही रंगांची एकेक भरीव पानं काढा, फक्त सायन (निळसर), फक्त मॅजेंटा (गुलाबी), असं. एकाच रंगात दोष असेल तर त्या रंगाचा ड्रम किंवा डेव्हलपर (ड्रमला टोनर लावणारा भाग). चारही रंगांत असेल तर जे सगळ्यांना सामाईक आहे ते, म्हणजे बेल्ट (ज्यावर चारही रंग जमतात तो पट्टा), ट्रान्सफर रोलर (तो टोनर कागदावर उतरवणारा), फ्युजर. आणि कागद! कागदाला लोक कधी धरतच नाहीत.

फ्युजरवर आरोप आहेच, तर त्याचीही साक्ष काढा. पान आत गेलं की ते फ्युजरपर्यंत पोचायच्या आत दार उघडा. दोन-तीन वेळा वेळ चुकेल, चुकू दे. त्या पानावर टोनर अजून कच्ची भुकटी असतो, हात लावू नका. लागलाच तर गार पाण्याने धुवा, गरम पाण्याने तो आणखी चिकटतो. ठिपके त्या कच्च्या पानावरच दिसले तर फ्युजर सुटला.

पतसंस्थेची_लेखनिक

मोजलं! वरून ४१, १३५, २२९. म्हणजे अंतर बरोबर ९४. कच्च्या पानावर ठिपके आहेत. भरीव पानांपैकी फक्त मॅजेंटात ठिपके, पण ढगाळपणा चारही रंगांत, निळ्यात सगळ्यात जास्त.

एक कबुली. मागच्या महिन्यात कागद अडकला तेव्हा आमच्या शिपायाने चारही ड्रम बाहेर काढून टेबलावर मांडले होते. त्याच टेबलावर आम्ही फायली पिन करतो.

पाना_पक्कड

मग पिन टोचली असणार. ड्रमवरचा लेप अगदी पातळ असतो. लेप विद्युतभार धरून ठेवतो आणि लेझर जिथे तो उतरवतो तिथे टोनर बसतो. लेपाला भोक पडलं की तिथला भार आपोआप गळतो, मशीनला वाटतं इथे छापायचंय. म्हणून कोऱ्या जागेतही ठिपका.

खात्री हवी असेल, आणि तुमच्या मॉडेलमध्ये चारही ड्रम एकसारखे असतील, तर मॅजेंटा आणि सायनची अदलाबदल करा. ठिपके निळे झाले की चोर सापडला. काढलेला ड्रम काळ्या कापडात गुंडाळा. ट्यूबलाइटखाली पंधरा मिनिटं उघडा राहिला तरी बाधतो.

निळ्याचं दुखणं वेगळं. निळ्यात सायनवर मॅजेंटा असा दोन थरांचा टोनर असतो, म्हणून तिथे आधी कळतं. कागद कुठे ठेवता?

पतसंस्थेची_लेखनिक

खिडकीखाली. फोडलेली रिम. हसू नका.

झेरॉक्स_रत्नागिरी

हसतंय कोण, आम्हीही त्यातूनच गेलोय. पावसाळ्यात कोकणात कागद पापडासारखा सादळतो. दमट कागदावर ट्रान्सफरचा भार टिकत नाही, टोनर बेल्टवरून अर्धवट उतरतो. फ्युजरमध्ये वाफ होऊन पान वळतं ते वेगळंच. नवीन बंद रिम फोडा, लागेल तेवढाच कागद ट्रेमध्ये घाला, संध्याकाळी उरलेला काढून प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधा. आमच्या कागदाच्या कपाटात जून ते सप्टेंबर एक लहान पिवळा बल्ब रात्रंदिवस चालू असतो. कागदाला लागणार नाही एवढा लांब टांगा.

पतसंस्थेची_लेखनिक

अदलाबदल केली, ठिपके निळे झाले. अध्यक्षांचा गालही निळा झाला, ते पान मी लगेच फाडलं. नवीन रिमवर पट्टी सपाट आली, अगदी कडेला किंचित फिकी आहे पण चालेल. आता फक्त एक ड्रम मागवलाय, परवा येतोय. तोवर कृष्णधवल ताळेबंदाची पानं काढून घेते, त्यात ब्लॅकचाच ड्रम लागतो ना?

पाना_पक्कड

हो, पण ड्रायव्हरमध्ये, म्हणजे संगणकावरच्या प्रिंट सेटिंगमध्ये, ग्रेस्केल (फक्त काळ्या-करड्या छटा) निवडा. नाहीतर मशीन काळा रंगही चारही रंग मिसळून काढू शकतं आणि ठिपके तिथेही येतील. आणि ३०० प्रती एका दमात नको, पन्नास-पन्नासच्या गठ्ठ्यांनी काढा.