घरी बसून ऑफिसचं काम शिकलात? कोल्हापूरकरांनो, अनुभव लिहा

कळंबेकर
माझी भाची बी.ए. झाली आहे, राजारामपुरीत राहते. मूल लहान, त्यामुळे क्लासला बाहेर पडणं जमत नाही. तिला ऑफिस असिस्टंटचं काम शिकायचं आहे. घरी शिकून शिरोली, गोकुळ शिरगाव, उद्यमनगर, दवाखाने, पतसंस्था, कुठंही लागलेलं कुणी असाल तर काय शिकलात आणि त्यातलं कामाला काय आलं ते लिहा. ज्यांनी अशी माणसं कामाला ठेवली त्यांनी तर लिहाच. क्लासच्या जाहिराती मात्र नकोत, त्या रोज व्हॉट्सॲपवर येतातच.

फाउंड्रीतली
शिरोलीत एका फाउंड्रीच्या ऑफिसात आहे. सगळं घरी शिकले, मुलगी झोपली की. आयआयटी मुंबईचा 'स्पोकन ट्युटोरियल' म्हणून उपक्रम आहे, त्यात लिबर ऑफिसचे धडे मराठीतून आहेत, फुकट. लिबर ऑफिसही फुकट. धडे छोटे असतात, कुकर होईपर्यंत एक संपतो. बघायचा, मध्येच थांबवायचा, तेवढं स्वतः करायचं. नुसतं बघत बसलात तर दुसऱ्या दिवशी पाटी कोरी.

पण मुलाखतीत कोर्स कुठला केला हे कुणी विचारलंच नाही. मालकांनी माल पाठवल्याच्या चलनांचा गठ्ठा पुढ्यात ठेवला. आमच्याकडं कास्टिंग, म्हणजे ओतीव भाग, ओतून झालं की मशिनिंगला बाहेर जातं. शंभर नग गेले, साठ परत आले, दोन रिजेक्ट, मग बाकीचे कुठायत? म्हणाले, "ह्यातली पेंडिंग काढून द्या." पार्टी, तारीख, चलन नंबर, गेले, आले, रिजेक्ट, शिल्लक असे रकाने पाडले, पार्टीप्रमाणे सॉर्ट केलं, शिल्लक शून्य नाही तेवढ्याच ओळी फिल्टर करून ठेवल्या. एक्सेलमधलं मोठं असं त्यात काहीच नव्हतं. मात्र एकाच पार्टीचं नाव कुठं 'इंजि.', कुठं 'इंजिनिअरिंग', कुठं 'इंजि. वर्क्स' असं पडलं होतं. ते आधी एकसारखं करून घेतलं, नाहीतर एकाच पार्टीची शिल्लक तीन जागी फुटली असती. मालकांनी नेमकं तेच बघितलं.

भाचीला एवढं सांगून ठेवा. जीएसटी नंबर १५ अक्षरांचा, त्यातले पहिले दोन आकडे राज्याचे. आपले २७, कर्नाटकचे २९. कागल ओलांडलं की कर्नाटक, त्यामुळं आपल्याकडं हे रोज लागतं. ई-वे बिल, म्हणजे माल नेताना लागणारा ऑनलाइन कागद, राज्यातल्या राज्यात लाखाच्या वरच्या मालाला, राज्याबाहेर ५० हजारांच्या वर. पण जॉबवर्कला, म्हणजे आपल्या मालावर दुसऱ्याकडून काम करून घ्यायला, बेळगावला माल पाठवला तर किंमत कितीही कमी असो, ई-वे बिल करावंच लागतं. आणि कास्टिंगसारखा जॉबवर्कला गेलेला माल वर्षाच्या आत परत आला नाही तर तो विकलाच असं धरून कर लागतो. मालक पेंडिंगच्या मागं एवढे का लागतात ते हे कळल्यावर समजलं. क्लासमध्ये शिकवतात की नाही माहीत नाही, मला अकाउंटंट काकांनी सांगितलं.

उद्यमनगरवाला
मी कामाला ठेवणाऱ्यांतला. वर ताईंनी लिहिलंय ते शंभर टक्के बरोबर.

सर्टिफिकेटं मी उघडून बघत नाही. एक पत्र लिहायला देतो: पार्टीचं बिल थकलंय, पैसे मागायचेत, पण पार्टी तुटली नाही पाहिजे. पोरं फॉर्म्युले घडाघडा म्हणून दाखवतात आणि पत्रात बिल नंबरच नाही. तारीख नाही. रक्कम आहे, पण त्यात मागं आलेलं चेकचं पेमेंट वजा केलेलं नाही. आणि भाषा अशी, की एकतर कोर्टाची नोटीस, नाहीतर बाईसाहेबांकडं केलेला रजेचा अर्ज.

दुसरं म्हणजे फोन. "साहेब नाहीत" म्हणून ठेवून दिला, संपलं काम! कोण बोलतंय, कुठून, कशाबद्दल, नंबर काय, एवढं कागदावर उतरलं पाहिजे. ह्याचा सराव घरी लई चांगला होतो. घरातल्या कुणालातरी आतल्या खोलीतून फोन करायला लावा आणि त्याला सांगा, जरा रागात बोल. आमच्या गिऱ्हाइकांत पुण्याचे आहेत, कोइमतूरचेही आहेत. हिंदी मोडकीतोडकी चालते, पण घाबरून गप्प बसलेलं चालत नाही.

टायपिंगवाला, गडहिंग्लज
थोडं वेगळं मत. खासगीत चालून जाईल, पण भाचीच्या डोक्यात सरकारी लिपिक-टंकलेखक असेल तर सर्टिफिकेटाशिवाय गाडी हलत नाही. मराठी ३० किंवा इंग्रजी ४० शब्द मिनिटाला, आणि त्याची परीक्षा महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद घेते. अर्ज मान्यताप्राप्त टायपिंग इन्स्टिट्यूटमार्फतच जातो, म्हणजे सराव घरी केला तरी नाव कुठंतरी घालावं लागणारच. जोडीला एमएससीआयटी हा कॉम्प्युटरचा कोर्स विचारतात.

मुख्य म्हणजे मोबाइलवर 'kolhapur' छापाचं रोमन लिहून मराठी उमटवायची सवय असेल तर ती इथं उपयोगाची नाही. कीबोर्डवर मराठी अक्षरांची मांडणी कुठली ते आधी ठरवा, रेमिंग्टन की इनस्क्रिप्ट, आणि मग बदलू नका. बोटं एकदा बसली की दुसरा लेआउट शिकताना डोकं फिरतं. मी पहिले काही आठवडे वेग मोजलाच नाही, फक्त कीबोर्डवर फडकं टाकून टाइप करत होतो. आईला वाटायचं कीबोर्डला धूळ लागू नये म्हणून.

उद्यमनगरवाला
सरकारीचं बरोबर. ते वेगळं गणित आहे.

शाहूपुरी, तिसरी गल्ली
माझं शिक्षण पुरानं केलं. ऑगस्ट २०१९ ला मामांच्या तळमजल्यावरच्या ऑफिसात पाणी शिरलं. जीएसटीचे कागद वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने सांभाळावे लागतात, आणि आमची बिलबुकं लगदा व्हायच्या बेतात. सगळं आमच्या घरी आणलं. पानांमध्ये रद्दी पेपर घालून पंख्याखाली पसरलं, रोज रद्दी बदलायची. बॉलपेनचं लिखाण टिकलं. शाईपेनच्या सह्या पसरल्या. काही चिकटलेली पानं सोडवताना कार्बन कॉपीच हाताला आली. घरभर ओल्या गाठोड्याचा वास, पाहुण्यांना चहा अंगणात.

वाळलेलं पान मोबाइलनं स्कॅन करायचं, लगेच नाव द्यायचं. नाव देताना तारीख उलटी: आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, मग पार्टी, मग बिल नंबर. असं केलं की फाइली आपोआप तारखेच्या ओळीत लागतात. मामा 'नवीन', 'नवीन फायनल', 'नवीन फायनल २' अशी नावं द्यायचे, देव त्यांचं भलं करो. पुढं २०२१ च्या जुलैत परत पाणी आलं तेव्हा कागद वरच्या मजल्यावर होते आणि सगळं क्लाउडवर चढवलेलं होतं. आता एका सीएंकडं डॉक्युमेंटचंच काम बघते. मुलाखतीत फोल्डरच दाखवले.

नागाळा पार्क
सराव करायला खरे कागद हवेत आणि घरबसल्या ते मिळण्याची जागा म्हणजे आपली हाउसिंग सोसायटी. सेक्रेटरी काकांना म्हणायचं, मी लिहून देते. कुणी नाही म्हणत नाही! वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत, नोटीस १४ दिवस आधी. सभासदांची यादी एक्सेलमध्ये घेतली आणि मेल मर्जनं, म्हणजे यादीतली नावं एकाच मजकुरात आपोआप भरून, प्रत्येकाच्या नावाची नोटीस, त्यात प्रत्येकाची थकबाकी वेगळी. त्याखेरीज आवक-जावक रजिस्टर, सभेचं इतिवृत्त, सभासदांची 'आय' (नोंदवही) आणि 'जे' (यादी) नमुन्यातली रजिस्टरं. इतिवृत्त लिहिणं सगळ्यात अवघड. पार्किंगवरून तासभर भांडण झालं आणि ठराव एका ओळीचा. ती एक ओळ सापडायला हवी. ह्या कामावरच मला शाळेच्या ऑफिसात घेतलं.

मंगळवार पेठ
"घरबसल्या डेटा एंट्री, आधी रजिस्ट्रेशन भरा" असं दिसलं की तिथूनच मागं फिरा. माझ्या जावेनं पैसे भरले, काम केलं, मग "चुका जास्त, करार मोडला, दंड भरा" म्हणून वकिलाच्या नावानं फोन. आम्ही दंड भरला नाही, सायबरची १९३० हेल्पलाइन लावली. काम देणारा पैसे देतो, मागत नाही.

कळंबेकर
सगळ्यांचे आभार, भाचीला धागा पाठवलाय. तिचा प्रश्न: घरी कॉम्प्युटर नाही, मोबाइलवर चालेल का?

टायपिंगवाला, गडहिंग्लज
बघायला चालेल, हाताला वळण लागायला नाही. मोबाइलला ओटीजीची, म्हणजे यूएसबीच्या वस्तू जोडायची, पिन लावून साधा यूएसबी कीबोर्ड जोडता येतो, माउसही. जुना कीबोर्ड कुठल्याही कॉम्प्युटर रिपेअरवाल्याकडं पडलेला असतो, घेताना स्पेसबार आणि एंटर दाबून बघा, तेच आधी जातात. गूगल शीट्स त्यावर नीट चालतं.

फाउंड्रीतली
आणि आमच्याकडची जुनी, रद्द झालेली कोरी चलनबुकं आहेत. पार्टीची नावं नाहीत त्यात, सरावाला हवी तर मेसेज करा. ताराराणी चौकात देते, माझी बस तिथूनच आहे.