सहा फूट पाच इंचांसमोर जो लुई आणि अली टिकले असते का?

(मुष्टियुद्धावरची चर्चा; प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

ठोसेबाज

सर्वकालीन सर्वश्रेष्ठ हेवीवेट (सर्वांत जड गटातला मुष्टियोद्धा) कोण म्हटलं की पहिला अली, दुसरा जो लुई, हे आपण पाठ असल्यासारखं लिहितो. माझं मत वेगळं आहे. दोघंही आपापल्या काळातले सर्वश्रेष्ठ, यात वादच नाही. पण 1999-2000 चा जगज्जेता लेनॉक्स लुईस समोर असता तर दोघंही हरले असते, आणि रॉकी मार्सियानोने सहा फेऱ्याही काढल्या नसत्या.

आकडे बघा. मार्सियानो 5 फूट साडेदहा इंच, वजन 184 ते 188 पौंड, हातांचा पल्ला 68 इंच. जो लुई 6 फूट 2 इंच, ऐन भरात 200 पौंडांच्या आसपास. अली 6 फूट 3 इंच, 1966-67 मध्ये 212 च्या आसपास, पल्ला 78. लेनॉक्स 6 फूट 5 इंच, पल्ला 84, वजन साधारण 245. आज क्रूझरवेटची (हेवीवेटच्या खालच्या गटाची) मर्यादाच 200 पौंड आहे, म्हणजे मार्सियानो आजच्या हिशेबाने हेवीवेट ठरत नाही.

वजनाचा फरक ठोशापेक्षा क्लिंचमध्ये, म्हणजे एकमेकांना धरून ठेवताना, जास्त भोवतो. माजी जगज्जेत्या व्लादिमिर क्लिच्कोची पद्धत आठवा: जॅब (पुढच्या हाताचा सरळ ठोसा), पुन्हा जॅब, आणि समोरचा आत शिरला की त्याच्या खांद्यांवर दोन्ही हात टाकून सगळा भार मानेवर. चाळीस पौंड जड माणसाचा भार एका फेरीत चार-पाच वेळा मानेवर आला की सहाव्या-सातव्या फेरीपर्यंत पायातला दम जातो. पाय गेले की जुन्या लोकांचं अर्धं बळ गेलं, कारण त्यांची सगळी मदार आत-बाहेर करण्यावर होती.

पंधरावी फेरी

आकड्यांत एक गफलत आहे, ती आधी काढू. पल्ला मोजतात तो दोन्ही हात पसरून, एका बोटाच्या टोकापासून दुसऱ्या बोटाच्या टोकापर्यंत. म्हणजे 84 आणि 78 मधला सहा इंचांचा फरक दोन हातांत वाटला जातो आणि खांद्यांची रुंदीही त्यातच येते. एका जॅबला प्रत्यक्षात तीन इंच किंवा त्याहून कमीच फरक पडतो. तीन इंच कमी नाहीत, पण अर्धं पाऊल सरकून ते भरून निघतात.

आणि आकारच जिंकत असेल तर 18 मे 2024 ला रियाधमध्ये काय झालं? टायसन फ्युरी 6 फूट 9 इंच, वजन 262. समोर ओलेक्सांदर उसिक, 6 फूट 3 इंच, पल्ला 78. मापं जवळजवळ अलीचीच. नवव्या फेरीत फ्युरी एका दोरावरून दुसऱ्या दोरावर लडखडत गेला आणि रेफ्रीला आकडे मोजावे लागले. फ्युरी हरला. डिसेंबरमधल्या फेरलढतीत तो 281 पौंडांनी आला, तरी पुन्हा हरला. वजन वाढवून काही साधलं नाही.

उसिकने केलं काय? तो डावखुरा आहे, त्यामुळे पुढचं उजवं पाऊल फ्युरीच्या डाव्या पावलाच्या बाहेर टाकत राहिला. त्यामुळे त्याचा सरळ डावा हात मध्यरेषेवर मोकळा झाला. आधी पोटावर मारून फ्युरीचे हात खाली आणले आणि मग वर. हे शास्त्र जो लुईच्या काळातही होतं.

ठोसेबाज

उसिक 223 पौंडांचा होता. जो लुईपेक्षा 23 पौंड जास्त. शिवाय तो आधी क्रूझरवेटचे सगळे पट्टे (जगज्जेतेपदं) जिंकून, ऑलिम्पिक सुवर्ण घेऊन, मोठ्या लोकांशी कसं लढायचं याची तयारी करून वर आला. जुन्यांमध्ये अशी तयारी कोणाची होती?

गार्ड वर ठेवा

जो लुईची होती! प्रिमो कार्नेरा, 6 फूट साडेपाच इंच, 260 पौंड: जून 1935, सहाव्या फेरीत खलास. एब सायमन, 6 फूट 4 इंच, साधारण 255: दोनदा. बडी बेअर, 6 फूट साडेसहा इंच, 250: जानेवारी 1942, पहिल्याच फेरीत. मोठ्या माणसाविरुद्ध तो काय करायचा ते कार्नेराच्या चित्रफितीत स्वच्छ दिसतं. हनुवटीच्या मागे धावत नाही. आधी पोट, मग समोरचा वाकला की आखूड उजवा. त्याचा ठोसा सहा-आठ इंच प्रवास करतो आणि तेवढ्यात सगळं वजन त्यामागे येतं. मोठ्या माणसाला अशा ठोशाची चाहूल लागत नाही, कारण खांदा मागे जाताना दिसतच नाही.

ठोसेबाज

कार्नेरा आणि बेअर मोठे होते, पण कसबी नव्हते. लेनॉक्सला त्यांच्या रांगेत बसवणं म्हणजे अन्याय आहे. त्याने स्वतः मायकेल ग्रँटला, 6 फूट 7 इंच आणि 250 पौंड, एप्रिल 2000 मध्ये दुसऱ्या फेरीत झोपवलं. मोठ्यांना हाताळण्यात तो जो लुईच्या तोडीचा होता आणि आकाराने बेअरच्या जवळचा. हे दोन्ही एका माणसात 1940 मध्ये कुठे होतं?

मार्सियानोबद्दल तर चाचणीच झालेली आहे. डेव्हिड टुआ: उंची 5 फूट 10, पल्ला 70, वजन 245. म्हणजे मार्सियानोचाच बांधा, वर जवळपास साठ पौंड, आणि डावा हुक (कोपर वाकवून बाजूने मारलेला ठोसा) त्या पिढीतला सर्वांत घातक. नोव्हेंबर 2000 मध्ये लेनॉक्सने त्याला बारा फेऱ्या जॅबच्या टोकावर ठेवलं. टुआ आत शिरूच शकला नाही.

कोपऱ्यातला स्टूल

टुआचं उदाहरण मार्सियानोला लागू होत नाही. टुआ एका हुकची वाट बघत उभा राहायचा. मार्सियानो उभा राहत नसे. खाली वाकून, डोकं समोरच्याच्या छातीच्या पातळीला ठेवून आत यायचा आणि हनुवटी सापडली नाही तर दंडावर, खांद्यावर, बरगड्यांवर, जिथे मिळेल तिथे मारायचा. दंड बधिर झाले की हात आपोआप खाली येतात. फिलाडेल्फियात 23 सप्टेंबर 1952 ला पहिल्या फेरीत तो स्वतः खाली पडला, बारा फेऱ्यांनंतर पंचांच्या तिन्ही गुणपत्रिकांवर मागे होता, आणि तेराव्या फेरीत एका आखूड उजव्याने तेव्हाच्या चॅम्पियन वॉलकॉटला संपवलं.

तरीही निकालाबाबत मी ठोसेबाज यांच्या बाजूचा आहे. 68 इंच पल्ल्याच्या माणसाला आत शिरताना दर वेळी एक जॅब आणि एक अपरकट (खालून वर येणारा ठोसा) खावा लागला असता, आणि 245 पौंडांच्या माणसाचे अपरकट दहा फेऱ्या कोणी खात नाही. 49-0 (49 लढती, एकही हार नाही) हा विक्रम मोठाच आहे, पण त्यात चार्ल्स, वॉलकॉट, आर्ची मूर आणि जो लुई हे सगळे उतरणीला लागल्यावर भेटले, तेही धरावं लागेल.

पंधरावी फेरी

तेराव्या फेरीचा विषय निघालाच आहे तर नियमांचं बोलू. वेगवेगळ्या काळांची तुलना करताना सगळे वजन-उंची मोजतात आणि फेऱ्या विसरतात. 1982 मध्ये कोरियाच्या किम डुक-कू याचा लढतीनंतर मृत्यू झाला आणि त्यानंतर पंधराच्या बारा फेऱ्या झाल्या. डब्ल्यूबीसी या संघटनेने आधी केल्या, बाकी संघटनांनी दशक संपेपर्यंत. आता बाराचा नियम मागे नेऊन बघा. जून 1941 मध्ये जो लुईविरुद्ध बिली कॉन बारा फेऱ्यांनंतर दोन पत्रिकांवर पुढे होता, तिसरी बरोबरीत; तेराव्या फेरीत जो लुईने त्याला बाद केलं. म्हणजे आजच्या नियमाने जो लुई ती लढत हरला असता. वॉलकॉटविरुद्ध मार्सियानोही हरला असता.

उलट लेनॉक्स किंवा फ्युरीला पंधरा फेऱ्यांना उतरवा. 250 पौंडांचं शरीर तेरावी, चौदावी, पंधरावी फेरी कशी काढेल, हे त्यांना कधी दाखवावंच लागलं नाही. अली-फ्रेझर मॅनिलात चौदा फेऱ्या झाल्या आणि शेवटी प्रशिक्षक एडी फुचने फ्रेझरला स्टुलावरून उठू दिलं नाही. त्या शेवटच्या तीन फेऱ्या हा वेगळाच खेळ आहे.

ठोसेबाज

हे दोन्ही बाजूंनी कापतं. बारा फेऱ्यांची लढत आहे हे माहीत असतं तर जो लुईने कॉनला तेरावीपर्यंत थारा दिला नसता, पाठलाग आधी सुरू केला असता. पत्रिका मध्येच कापून निकाल लावता येत नाही. आणि पंधरा फेऱ्या असत्या तर लेनॉक्सनेही वजन 235 वर आणलं असतं.

दमाचा मुद्दा मात्र मान्य. जानेवारी ते जून 1941 मध्ये जो लुईने दर महिन्याला एक, अशा सहा वेळा पट्टा राखला. एकूण 25 वेळा. आजचा चॅम्पियन वर्षाला दोन लढती केल्या तर पुष्कळ.

कोनातून बाहेर

माइक टायसनचं नाव अजून कोणी घेतलं नाही, म्हणून. 1986 ते 1988 चा टायसन या सगळ्यांना भारी पडला असता. उंची 5 फूट 10, पण त्याचा प्रशिक्षक कस डी'अमाटो याची पद्धत बुटक्या माणसासाठीच रचलेली होती: दोन्ही मुठी गालांना चिकटून, डोकं सतत मध्यरेषेबाहेर, जॅब चुकवतानाच पाऊल बाजूला टाकायचं आणि ठोसा कोनातून यायचा. स्पिंक्सला त्याने 91 सेकंदांत संपवलं.

गार्ड वर ठेवा

स्पिंक्स मुळात लाइट हेवीवेट, म्हणजे हलक्या गटातला. त्या काळातल्या टायसनला जड कोणी गेलं असेल तर धरून ठेवणारे. मार्च 1987 मध्ये बोनक्रशर स्मिथने बारा फेऱ्या त्याला मिठीत ठेवलं. टायसन जिंकला, पण क्लिंचमध्ये मोकळ्या हाताने मारायचं सोडून रेफ्रीची वाट बघत राहिला. हे वैगुण्य शेवटपर्यंत गेलं नाही. अली तर धरण्यात निष्णात होता. डावा पंजा समोरच्याच्या मानेमागे टाकून डोकं खाली ओढायचा. नियमात बसत नाही, पण किन्शासात फोरमनची मान त्यानेच थकवली. मॅनिलात रेफ्री कार्लोस पाडियाने हे चालू दिलं नाही आणि लढत किती अवघड झाली ते आपण पाहिलं आहे.

टोकियोत, फेब्रुवारी 1990 मध्ये, डग्लसने टायसनला हरवलं तेव्हा प्रशिक्षक केविन रूनी त्याच्यासोबत राहिला नव्हता आणि डोकं हलायचं थांबलं होतं. कोपऱ्यातल्या मदतनिसांची अवस्था इतकी वाईट की डोळ्याची सूज दाबायची थंड लोखंडी पट्टीसुद्धा जवळ नव्हती. रबरी हातमोज्यात बर्फाचं पाणी भरून तो डोळ्याला लावला. सूज बाजूला ढकलायला सपाट, टणक आणि गार पृष्ठभाग लागतो, पाण्याची मऊ पिशवी ते काम करत नाही. डोळा बंद होत गेला, आणि डग्लसचा उजवा त्याच बाजूने येत होता.

कोपऱ्यातला स्टूल

मूळ प्रश्नावर येऊ. लेनॉक्स दोनदा बाद झाला, दोन्ही वेळा एका उजव्या ठोशावर, आणि दोन्ही वेळा त्याच्याहून लहान माणसाने केलं. सप्टेंबर 1994, वेम्बली, ऑलिव्हर मॅकॉल: लेनॉक्सने उजवा टाकला तेव्हा डावा हात खाली होता, मॅकॉलचा उजवा आखूड होता म्हणून आधी पोचला. मॅकॉलच्या कोपऱ्यात इमॅन्युएल स्टुअर्ड होता. पुढे लेनॉक्सने त्यालाच आपला प्रशिक्षक केलं आणि त्याने हे दोष बरेच घालवले. तरी एप्रिल 2001 मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या ब्रॅकपनला हसीम रहमानने पाचव्या फेरीत पुन्हा तेच केलं. लेनॉक्स 253 पौंडांच्या वर, तिथल्या उंचीवरच्या हवेची पुरती सवय नाही, पाठ दोरांना, हात खाली.

आता हात खाली असलेल्या लेनॉक्ससमोर जो लुईचा उजवा विचारात घ्या. 1938 मध्ये श्मेलिंगला त्याने 124 सेकंदांत संपवलं.

ठोसेबाज

आणि 1936 मध्ये त्याच श्मेलिंगने जो लुईला बाराव्या फेरीत बाद केलं, कारण जॅब मारून परत येताना डावा हात खाली राहतो हे त्याने हेरलं होतं. वरून उजवा टाकायचा, एवढीच युक्ती. तो दोष त्याचा प्रशिक्षक जॅक ब्लॅकबर्नने कमी केला, पण पाय कोणी बदलले नाहीत. जो लुईची पावलं आखूड, जमिनीला घासत जाणारी. कॉन आणि वॉलकॉट या हलत्या माणसांनी त्याला रडवलं. डिसेंबर 1947 मध्ये वॉलकॉटने दोनदा पाडलं. लेनॉक्सला इतकं हलायची गरजही नाही. जॅब, मागे अर्धं पाऊल, उजवा.

अलीबाबत मी थोडा सैल होईन. तो मागे झुकून ठोसा चुकवायचा आणि लांब जॅबसमोर ते धोक्याचं आहे, पण फेब्रुवारी 1967 मध्ये 6 फूट 6 इंचांच्या एर्नी टेरेलला त्याने पंधरा फेऱ्या फिरवलं. फक्त टेरेल वजनाने अलीच्या बरोबरीचा होता. मागे झुकलेल्या अलीला कूपर आणि फ्रेझरच्या डाव्या हुकने पाडलं. लेनॉक्सचं मुख्य हत्यार हुक नव्हे, उजवा.

पंधरावी फेरी

मग 10 मे 1996 ची लढत बघा, रे मर्सरविरुद्ध, मॅडिसन स्क्वेअर गार्डन, दहा फेऱ्या. मर्सर 6 फूट 1 इंच. त्याने लेनॉक्सचा जॅब चुकवला नाही, त्याच क्षणी पाऊल पुढे टाकून स्वतःचा जॅब मारला. लांब हात अर्धवट उघडलेला असताना आखूड जॅब आधी पोचतो. फुचने नॉर्टनला अलीविरुद्ध हेच शिकवलं होतं. लेनॉक्स जिंकला, पण एका पंचाने बरोबरी दिली आणि पुष्कळ प्रेक्षकांच्या मते मर्सर पुढे होता. मर्सरपेक्षा जो लुईचा जॅब जड होता आणि मागून येणारा उजवा कितीतरी वेगवान.

ठोसेबाज

मर्सर त्या रात्री 238 पौंडांचा होता. पाऊल पुढे टाकून जॅबला जॅब भिडवायचा तर धडकेत मागे न ढकललं जाण्याइतकं वजन लागतं, आणि 200 पौंडांना ते नाही. जो लुईला पहिल्या चार फेऱ्यांत उजवा सापडला तर त्याची लढत. पाचवीपासून लेनॉक्सची.

गार्ड वर ठेवा

चार फेऱ्या म्हणजे बारा मिनिटं. बडी बेअरला तीनही मिळाली नव्हती.